डबा सोडायचा राहिला, आक्का

आक्का, गेल्या आठवड्यात पुण्याच्या त्या पोहायच्या तलावावरच्या सरांचा फोन आला होता. मी गिरणीत होते. बाजरीचं दळण चालू होतं, त्यामुळे पहिल्यांदा काही ऐकूच आलं नाही. मोटर बंद केली, पदरानं तोंडावरचं पीठ पुसलं आणि परत फोन लावला. ते म्हणाले, "मावशी, स्कूबाची पुढची तुकडी ठरवतोय. तुम्ही दोघी येताय ना? की मालवणला जाऊन एका दिवसाचंच करायचं म्हणताय?" मी म्हटलं, "दोघी नाही सर. मी एकटीच राहिले आता." बिचाऱ्यांना तुम्ही गेल्याचं तेव्हाच कळलं. मग म्हणाले, सावकाश सांगा, रविवारनंतर सांगितलं तरी चालेल, आणि नाही जमलं तरी मनाला लावून घेऊ नका.

बघा आता. तुम्ही होता तेव्हा वर्षभर जे भांडण मिटलं नाही, ते निस्तरायला मला एकटीला मागे ठेवून गेलात. हवेची टाकी पाठीवर बांधून पाण्याखाली जायचं, पण कोणत्या वाटेनं जायचं, तुमच्या लांबच्या की माझ्या जवळच्या, यावरून आपण किती तोंडं वाजवली. आता तिसरी वाट उघडी झालीय, ती म्हणजे जायचंच नाही. फोन ठेवला तेव्हा तीच सगळ्यात बरी वाटली मला. पन्नाशी उलटलेल्या बाईला पाण्याखाली काय कामं असतात?

नणंद म्हणून तुम्ही माझ्या वाट्याला आलात तेव्हा मला सगळ्यांनी घाबरवलं होतं. थोरली नणंद, त्यात एसटीत कंडक्टर, त्यात जिभेला हाड नाही. माझं माहेर खर्डा. आमच्याकडे विहिरी होत्या, पाण्याची तेवढी वानवा. उन्हाळ्यात टँकर यायचा, तो विहिरीत पाणी ओतायचा आणि आम्ही ते शेंदून काढायचो. त्या गर्दीत लहानपणी माझा एकदा पाय घसरला. पाणी कमरेएवढंच होतं, पण पडले ती खोल पडले. तेव्हापासून विहिरीची मला भीतीच बसली. हे मी कुणाला बोलले नव्हते. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात इथं सासरी, मिरजगावच्या विहिरीत माझ्या हातून कळशी सुटली आणि मी काठावर नुसती उभी राहिले. तुम्ही दिवाळीला आला होता. कासोटा घातला आणि उडी टाकली. इतका वेळ वर आला नाहीत की मी ओरडायच्या बेतात होते. मग एका हातात कळशी आणि दुसऱ्या मुठीत काळा गाळ घेऊन वर आलात. ती मूठ माझ्यापुढे उघडून म्हणालात, "तळ बगून आले. हितं काय भूत न्हाई." आत्याबाईंना, तुमच्या आईला, तुम्ही त्यातलं काही कळू दिलं नाहीत. त्या कळशीबद्दल मी तुम्हाला कधी काही बोलले नाही, आज बोलते. फार उपकार झाले तुमचे.

आपल्या विहिरीत पोहणाऱ्या पोरापोरींचा तो नेमच होता म्हणा. बुडी मारायची आणि तळाची मूठ वर आणायची. मूठ नाही आणली तर अर्ध्यातून माघारी आलास असं समजायचे. तुमची मूठ कधी रिकामी आली नाही, असं तुमचा भाऊ अजून सांगतो. त्याची स्वतःची बऱ्याचदा रिकामी यायची, हे मात्र तुमच्याकडूनच कळलं.

तुम्ही निवृत्त झालात, शेवगावची खोली सोडलीत, आमच्याकडे राहायला आलात आणि आल्या आल्या आम्हा दोघांना कोकण दाखवायला काढलंत. अर्थात एसटीनंच. मालवणच्या किनाऱ्यावर तो फलक होता, स्कूबा करा, पोहता येत नसलं तरी चालेल. माशांचे रंगीत फोटो लावले होते. मी विहिरीला भिणारी बाई, पण त्या फोटोंपुढून माझा पाय निघेना. निळा मासा, पिवळ्या पट्ट्यांचा मासा. आमच्या खर्ड्यात मासा बाजारात दिसायचा तो मेलेला. मी रांगेत जाऊन उभीसुद्धा राहिले. तुम्ही मात्र फलकाशेजारच्या तंबूतल्या माणसाला धरलंत.

"पोहता येत न्हाई त्याला चालतंय, मंग येतंय त्याचं काय?"

"सगळ्यांना सारखंच मावशी. आमचा माणूस मागून धरतो, खाली नेतो, मासे दाखवतो, फोटो काढतो, वर आणतो. तुम्ही काहीच करायचं नाही."

"मांजर पिलाला धरती तसं?"

"हां, तसंच."

"मंग नगं," म्हणालात, आणि माझं मनगट धरून मला रांगेतून बाहेर काढलंत. मला इतका राग आला होता. तुमचा भाऊ कोकम सरबत पीत समुद्राकडे बघत बसला. बायको आणि बहीण भांडायला लागल्या की हा माणूस नेहमीच निसर्गाकडे बघतो.

मग घरी येऊन तुम्ही पुण्याच्या आपल्या संदीपला कामाला लावलंत. तुमचाच मुलगा तो, त्यानं चार ठिकाणी विचारून सगळं समजावून सांगितलं. एक, त्या तंबूतल्यासारखं एका दिवसाचं, शिकायचं काही नाही, फक्त बघून यायचं. दोन, समुद्रकाठी चार-पाच दिवस मुक्काम करून सलग पूर्ण शिक्षण घ्यायचं आणि परवाना घेऊनच परतायचं. तीन, तेच शिक्षण तोडून तोडून. धडे घरी मोबाईलवर वाचायचे, तलावातला सराव पुण्याला शनिवार-रविवारी करायचा आणि शेवटच्या बुड्या तेवढ्या समुद्रात. मी लगेच म्हटलं, आधी एका दिवसाचं करून बघू, आवडलं तर पुढचं. यात काय चुकलं होतं माझं? दळण टाकायच्या आधी बाई धान्याचा एखादा दाणा चावून बघतेच की.

तुम्ही खाटेवर मांडी घालून बसलात आणि चौकशी खिडकीतून सांगावं तसं सांगितलंत. "मंगल, मी उभी हयात गाडीत काढली. थेट गाडीची वाट बगत बसनारा मानूस ष्ट्यांडावरच ऱ्हातो. लागलीय त्या गाडीत बसावं, फुडं बदलावं. सलग पाच दिस गिरनी बंद ठिवून तू येनार न्हाईस, मला ठावं हाय. तवा तुकड्यातुकड्यानं जायाचं."

"आणि एक दिवसाचं?"

"ती गाडी न्हवंच. ते नुसतं ष्ट्यांडावर फिरून येनं झालं."

मी म्हटलं, सगळ्यांना काही चालक व्हायचं नसतं, खिडकीशी बसून बाहेर बघणारी माणसंही असतात. त्यावर तुम्ही म्हणालात, तू खिडकीशी तरी कधी बसलीस? हे मला लागलं. अजून लागतं. कारण खरं होतं.

आणि मग निघालं की लांबच्या वाटेला आधी पोहायची परीक्षा असते. पोहून दाखवायचं आणि दहा मिनिटं कशालाही न धरता पाण्यावर नुसतं राहून दाखवायचं. मला वाटलं, सुटले. तुम्ही दुसऱ्याच दिवशी तेलाचा रिकामा डबा आणलात, झाकणाला कथलाचा डाग देऊन हवाबंद करून. आपल्याकडे पोरांना पाठीला डबा बांधूनच विहिरीत सोडतात. पण पोरांना, आक्का. माझं वजन, माझं वय, अंगात जुना पंजाबी ड्रेस आणि पाठीला डबा. कुणी येऊ नये म्हणून तुमच्या भावाला वरती वाटेवर विहिरीकडे पाठ करून उभं केलं होतंत. तो म्हणाला, मीच शिकवतो की. तर तुम्ही म्हणालात, "नवरा शिकवाया लागला की बाई शिकत न्हाई, भांडती."

कालव्याला पाणी सुटलं होतं म्हणून विहीर चांगली भरली होती. खालच्या पायरीवर मी मोटरीचा दोर धरून उभी. तुम्ही मागून डब्यावर बोटांच्या मागच्या बाजूनं दोनदा वाजवलंत, टण टण. "डबल बेल झाली. आता गाडी थांबत न्हाई." आणि दिलं ढकलून. मी देवाचं नाव घेतलं की तुम्हाला शिवी दिली, आठवत नाही. पण डब्यानं मला वर धरलं. पुढच्या आठवड्यात हात मारायला शिकले, मग पाय. प्रत्येक वेळी ती डबल बेल व्हायचीच. बेल वाजल्याशिवाय मी दोर सोडत नसे आणि सोडल्याशिवाय तुम्ही घरी नेत नसायचा.

पुण्याच्या तलावातला तो पहिला दिवस आठवून मी काल गिरणीत एकटीच हसले. दळण घेऊन आलेली पोटे काकू चमत्कारिक बघत राहिली. सरांनी पहिला नियम सांगितला होता, पाण्याखाली श्वास कधीही कोंडायचा नाही, नळीतून घेत राहायचा आणि सोडत राहायचा. तुम्ही मान डोलावलीत. खाली गेलात. माझ्या नळीतून बुडबुडे निघतायत, सरांच्या निघतायत, तुमच्या नाहीतच. सर खुणा करतायत आणि तुम्ही डोळे मोठे करून ऐटीत बसलाय. शेवटी त्यांनी तुम्हाला वर काढलं.

"मावशी, श्वास घ्या ना."

"अवो, घेतला की. वर हुते तवाच छातीभरून घेतला. खाली कशाला लागतोय?"

"मग पाठीवर टाकी कशाला दिलीय?"

"आसू द्या की. लागली तर."

जन्मभर विहिरीत श्वास कोंडून बुडी मारलेली बाई. खाली श्वास घेणं म्हणजे तुम्हाला लबाडी वाटत होती. आणि मी, गिरणीच्या पिठात पदर बांधून तोंडानं सावकाश श्वास घ्यायची सवय असलेली, ती नळी तोंडात धरून अगदी निवांत. सर म्हणाले, तुम्ही आधी केलंय का हे? तेव्हा मी तुमच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग पोहायची परीक्षा आली आणि मी अर्ध्यात काठ धरला. सर हसून म्हणाले, तुम्ही दोघी मिळून एक पुरा विद्यार्थी होता.

त्या दिवशी तुम्ही त्यांना आणखी एक विचारलंत, समुद्राच्या तळाची मूठ आणायची का म्हणून. ते म्हणाले, काही आणायचं नाही, शिंपला नाही, वाळू नाही, हातसुद्धा लावायचा नाही. तुम्हाला पटेना. "मंग तळाला गेल्याचा पुरावा काय?" ते म्हणाले, "पुरावा कशाला हवा मावशी? पाण्यात एकटं कुणी जात नाही. तुमचा जोडीदार बघतो ना. तोच सांगतो."  परतताना नगरच्या स्टँडवर मिरजगावची गाडी बघत उभ्या असताना म्हणालात, "बग, घरला सुदा गाडी बदलूनच जातो आपन." आणि थोड्या वेळानं, "तू सांगशील न्हवं, मी तळाला गेल्ते म्हनून?" मी म्हटलं, श्वास घेतलात तर सांगेन.

पुढे तुम्ही श्वास घ्यायला शिकलात. हे मला सगळ्यांना सांगायचं आहे, कारण तुमच्याबद्दल लोक फक्त तुमच्या धाडसाचं बोलतात. तुमच्या तेराव्याच्या मांडवातही तेच चाललं होतं. त्या वयात स्वतःची जन्माची सवय मोडायला तुम्ही खाटेवर पडून, तोंडात उसाच्या कांडीएवढी नळी धरून, मोजत बसायचा. ते मी बघितलंय.

मग डॉक्टरांचा दाखला आणायची वेळ आली. गिरणीवाली म्हणून माझी फुप्फुसं त्यांनी दोनदा तपासली आणि पास केलं. तुमचं बीपी मोजलं आणि म्हणाले, गोळ्या घ्या, काही महिने जाऊ द्या, मग बघू. दवाखान्यातून घरापर्यंत तुम्ही माझ्यापुढे चालत होता. ओट्यावर बसलात आणि म्हणालात, "तू फुडं हो मंगल. मी मागनं येते."

मी म्हटलं, "तुमच्याशिवाय मी कशाला जाऊ? मी तुमच्यासाठीच येत होते. मला काय करायचंय खाली जाऊन?"

तुम्ही माझ्याकडे अशा बघायला लागलात की मी काही वाईट बोलले की काय असं मला वाटलं. "माज्यासाठी? अगं, मला काय नवं हाय पान्यात? मी तुज्यासाठी चालले हुते. लगीन हून आलीस तवापास्नं बगतीय, विहिरीच्या काठाला बसून धुनं धुती, पर पाय न्हाई सोडत पान्यात. त्या मालवनात माशाचं फोटू बगत हुतीस ना, तवा तुजं तोंड बगितलं मी. म्हनलं, हिला कुनी मागनं धरून न्हेऊ नये. हिचं हिनं जावं..."

तेवढ्यात कुणीतरी दळण घेऊन आलं. मी उठले. संध्याकाळी तुम्ही विषय काढला नाहीत आणि मीही नाही. मनात म्हटलं, सावकाश भांडू, आहेच की वेळ. कोण कुणासाठी चाललं होतं, एवढंच ठरवायचं होतं. पुढच्या रविवारी डबा सोडायचा, पाठ मोकळी ठेवून पाण्यावर राहायचं, हे तेवढं ठरलं होतं.

त्या रविवारच्या आधीच तुम्ही दुपारी जेवून आडव्या झालात त्या उठलाच नाहीत. गोळ्या नेमानं घेत होता, हे मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगते. मला तुमचा राग येतो, आक्का. एवढी घाई. थेट गाडी मिळाली तशी बसलात, आणि आम्हाला सांगत होता गाडी बदलत जावं म्हणून. अस्थी भीमेत सोडल्या. घाटाजवळ पाणी कमरेएवढंच होतं. सगळे रडत होते आणि माझ्या कानात तुमचं, "यवढ्यात काय बुडायचं?" मला हसू आलं आणि मग त्या हसण्यामुळेच जास्त रडू आलं. संदीपनं माझा खांदा धरला. पोरगा तुमच्यासारखाच आहे, धीर देताना दटावतो.

भांडणाचा निकाल मी लावला आहे. तुमचं खरं, तुम्ही माझ्यासाठीच चालला होता. माझं निम्मं खोटं होतं. मला ते मासे बघायचे होते, पहिल्या दिवसापासून, आणि एकटीनं तसं म्हणायची लाज वाटत होती म्हणून तुमचं नाव पुढे केलं. पण निम्मं खरंही होतं. तुमच्याबरोबर एसटीनं जायचं, तुम्ही खिडकी मला देणार, शेजारी बसून येणाऱ्या जाणाऱ्या कंडक्टरच्या चुका काढणार, त्यासाठी मी समुद्रात काय, कुठेही आले असते.

डबा सोडायचा तो राहिलेला रविवार मी परवा धरला. सकाळी मी तो पंजाबी ड्रेस काढला. तुमचा भाऊ चप्पल घालून पुढे चालायला लागला आणि वरती वाटेवर जाऊन नेहमीसारखा विहिरीकडे पाठ करून उभा राहिला. डबा मी घरीच ठेवला होता. पायऱ्या उतरले. पाणी छातीपर्यंत आलं तसा दोर घट्ट धरला. हात मारता येतात मला, तरंगताही येईल हे डोक्याला कळत होतं, पण मुठी सुटेनात. कितीतरी वेळ तशीच उभी राहिले. मग माझ्या ध्यानात आलं की मी बेलची वाट बघतेय. पाठ मोकळी होती, वाजवायला डबाच नव्हता आणि वाजवणारं माणूसही नव्हतं. मी रडायला लागले. आवाज वर गेला असणार.

उद्या सरांना फोन करणार आहे. लांबच्या वाटेनं येते म्हणून सांगेन, तुकड्यातुकड्यानं, गाडी बदलत. ते विचारतील, जोडीदार कोण देऊ? कुणीही द्या म्हणेन, फक्त चांगलं माणूस द्या, मला आक्कांची सवय आहे. आणि कधीतरी समुद्राच्या तळाला पोचलेच तर येताना मूठ रिकामी असेल. तुम्हाला माझ्यावर विश्वास ठेवावा लागेल.

मी हे इतकं ठामपणे लिहू शकते ते त्या दिवशी विहिरीवर पुढे जे झालं त्यामुळे. मी रडत होते, दोर सोडत नव्हते, आणि वरून चपलांचा आवाज आला. तुमचा भाऊ वाटेवरून काठापर्यंत आला होता. तोंड अजून पलीकडेच होतं. वर्षभर तिथं पाठ करून उभ्या राहिलेल्या त्या माणसानं आपलं सगळं ऐकलेलं होतं, आक्का. त्यानं खाली वाकून एक दगड उचलला आणि न वळता मोटरीच्या लोखंडी पाइपावर मारला. एकदा. आणि परत एकदा.

मी दोर सोडला.